तुझ्या भाषणातून माझं पोट काढ

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे तू ज्याला 'काही झालं' म्हणतेस तसलं काही. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'पोट' म्हणेपर्यंत तू 'पाणी किती पितेस' वर पोचलेली असतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना हातात पेन घेऊ नकोस. दुसऱ्याच्या लिहिण्यावर खुणा करायची तुझी सवय मला चांगली ठाऊक आहे.

परवा तू फोनवर मला जे सुनावलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण माझे दोन्ही हात कणकेत होते आणि फोन खांद्यात धरलेला होता. चिंगीच्या दप्तरात तुला आमच्या बेकरीचा बिस्किटांचा पुडा सापडला आणि तुझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता कुठे पोरगी रुळावर आली, पाळीत तिला काही त्रास होईनासा झाला, आणि मी सख्खी मावशी असून तिला मैदा आणि साखर चारून तुझी सगळी मेहनत मातीत घालते आहे, असं तुझं म्हणणं. तर आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनात दुसरं काही राहायला नको. तुझी मुलगी बरी झालेली नाही. एका महिन्यासाठीही नाही. आणि यापुढे तिच्या दुखण्याचं खापर तिच्या ताटावर फोडलेलं मी ऐकून घेणार नाही. तुला राग यायचा तर येऊ दे. मला तर कधीचा आलाय.

तू म्हणशील, पाव भाजणारी बाई मला आहारशास्त्र शिकवायला निघाली. नाही बाई, मला ते शास्त्र येत नाही आणि शिकायचंही नाही. मला फक्त माझं पोट माहीत आहे, आणि तेही तू माझ्याकडून काढून घेतलंस, म्हणून हा सगळा खटाटोप.

आठवतं का तुला, तू नुकती शिकून आली होतीस आणि तुला पहिला रुग्ण हवा होता. घरातच फुकटचा मिळाला. मी नवी नवी बेकरीत लागले होते आणि दर महिन्याला पाळीचे पहिले दोन दिवस भिंतीला धरून चालायचे. तू माझी कॉफी बंद केलीस. मग साखर, मग तळलेलं, मग आंबट, मग पाव. पाव करणाऱ्या बाईचा पाव बंद, बेकरीत आठवडाभर सगळ्या हसत होत्या. सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी पालक, संध्याकाळी जवस. रोज चालणं, ठरल्या वेळी झोपणं, पोटाचे ते मांजरासारखे व्यायाम. मी सगळं केलं, ताई. जीव तोडून केलं, कारण तू सांगत होतीस आणि मला तू देवासारखी वाटायचीस.

आणि खरं ते खरं म्हणते, म्हणजे तुला असं वाटायला नको की मी नुसती सूड उगवायला बसले आहे. काही गोष्टींनी बरं वाटलं. चालल्यावर कंबर मोकळी व्हायची. उपाशीपोटी कामाला जाणं सोडलं तेव्हा ती चक्कर आणि मळमळ कमी झाली. मीठ कमी केल्यावर पोट फुगायचं थोडं थांबलं. झोप नीट झाली की दुखणं सोसायला अंगात बळ असायचं. हे सगळं मी आजही करते, कुणी सांगत नसताना. पण ते जे आतून पिळून काढायचं, मांड्यांपर्यंत उतरायचं आणि मला जमिनीवर आडवं करायचं, ते काही हललं नाही. त्याला माझ्या बदामांशी काही देणंघेणं नव्हतं.

तुला मात्र ते पटेना. तुझ्या मते पथ्य बरोबर होतं, म्हणजे चूक माझी असणार. दुखायला लागलं की तुझा पहिला प्रश्न, काय खाल्लं होतंस? कुठे दुखतंय, किती दुखतंय, बसवतंय का, हे नाही. काय खाल्लं होतंस. त्या एका केकच्या तुकड्यावरून तू माझी जी उलटतपासणी घेतलीस ती मी मेल्यावरही विसरणार नाही. आमच्यातल्या एकीला मुलगा झाला म्हणून तिने सगळ्यांना केक वाटला, मी बोटाएवढा तुकडा तोंडात टाकला. पाळी आली त्यानंतर चांगली दोन आठवड्यांनी. तरी तू सुतावरून स्वर्ग गाठलास. तो तुकडा म्हणे माझ्या पोटात इतके दिवस दबा धरून बसला होता. आज हसू येतं. तेव्हा मी खरंच रडले होते आणि मनातल्या मनात त्या केकची माफी मागावी की तुझी, हे मला कळत नव्हतं.

मग मी सांगणंच बंद केलं. खोटं एकदाही बोलले नाही, हे लक्षात ठेव. तू विचारलंस की मी म्हणायचे, चाललंय. मूग गिळून बसले, एवढंच. आणि माझ्या त्या गप्प बसण्यालाच तू गुण आला म्हणालीस.

मधल्या काळात तुझं नाव झालं. दवाखाना थाटलास, सभागृहात भाषणं द्यायला लागलीस. मला खरंच अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. तुझ्या सांगण्याने कितीतरी जणी वेळेवर जेवायला लागल्या, चालायला लागल्या, त्यातल्या पुष्कळ जणींना बरंही वाटलं असेल. पण दरवेळी तू सुरुवात माझ्यापासून करतेस. माझ्या धाकट्या बहिणीचंच घ्या. गडबडा लोळायची, आज भट्टीसमोर आठ-आठ तास उभी असते. हे मला कसं कळलं ते ऐक. एक दिवस दुकानाच्या खिडकीशी एक बाई आल्या, पाव मागितले आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या की तुम्हीच ना त्या बऱ्या झालेल्या बहीण. त्यांनी तुझं भाषण ऐकलं होतं. काय योग बघ, नेमका माझा दुसरा दिवस होता. मी काउंटरला पोट दाबून उभी होते, म्हणजे तेवढाच आधार. त्यांनी माझं कौतुक केलं, त्यांच्या सुनेला किती सांगतात पण ती ऐकतच नाही असं म्हणाल्या, आणि सुनेला दाखवायला माझा फोटो काढू का म्हणून विचारलं. मी त्यांना पाव दिले, सुटे परत दिले, आणि आत जाऊन पिठाच्या पोत्यावर बसले. तेव्हा त्या न पाहिलेल्या सुनेची मला इतकी दया आली. माझ्या जिवावर तिचं जगणं मुश्कील होत होतं.

आता आमच्या बेकरीतली एक गोष्ट सांगते. तुला ती कधी सांगितली नाही, कारण तू लगेच तिचं शास्त्र काढलं असतंस. भट्टीची मागची भिंत दिवसभर कोमट असते. तिच्यालगत पुडे बांधायचं टेबल आहे. आमच्यातल्या जिला ते दिवस असतात ती एप्रनची गाठ मागे न बांधता पुढे बांधते. सुरुवात साध्या कारणाने झाली असणार. भिंतीला पाठ टेकवायची तर मागची गाठ कंबरेत रुतते. पण आता ती खूणच झाली आहे. गाठ पुढे दिसली की त्या दिवशी तिने पोती उचलायची नाहीत, ट्रे ओढायचे नाहीत, भिंतीला पाठ लावून पुडे बांधायचे. कुणी काही विचारत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. मालकांना वाटतं आम्ही आळीपाळीने कामं बदलतो आणि ते खूश असतात.

तू म्हणशील की या सगळ्या अडाणी. अगं, अडाणी तर आहेतच. आमच्या भट्टीवरच्या मोठ्या बाई छातीठोकपणे सांगतात की ओल्या केसांनी झोपलं की पाळीत दुखतं. दुसरी चॉकलेटवर विश्वास ठेवून आहे, तिसरीच्या मते चॉकलेटनेच घात होतो, आणि दोघी त्यावरून एकमेकींचं डोकं खातात. मोठ्या बाईंचं ऐकून मी एकदा महिनाभर दुपारीच केस धुतले, काही फरक पडला नाही. पण फरक पडला नाही म्हणून त्यांनी मला भिंतीपासून उठवलं नाही, ताई. तू मला बरोबर उपाय सांगितलास आणि दुखल्यावर आरोपीसारखं उभं केलंस. त्यांनी चुकीचा सांगितला आणि सरकून जागा दिली. मला यातलं काय बरं वाटलं असेल ते तूच ठरव.

चिंगी आमच्याकडे यायला लागली ती त्या भिंतीसाठी, बिस्किटांसाठी नव्हे. एक दिवस कॉलेज सुटल्यावर आली, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणाली की मावशी, तुमची ती गरम भिंत मोकळी आहे का. मी तिला एप्रन दिला. तिने विचारलंही नाही, गाठ पुढे बांधली आणि बसली. मोठ्या बाईंनी तिला पुडे बांधायला शिकवलं. हात चांगला आहे तिचा, दोरी घट्ट बसते. दर महिन्याला येते. तुला क्लासला जाते म्हणून सांगते.

तुझ्या घरात काय चाललंय ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते, आणि हे तिला विचारूनच लिहिते आहे. दुखायला लागलं की ती न्हाणीघरात जाते आणि नळ सोडते, म्हणजे कण्हलेलं बाहेर ऐकू येत नाही. तू बाहेरून विचारतेस की इतका वेळ काय करतेस, ती म्हणते केस धुते. गरम पाण्याची पिशवी ती कपाटात स्वेटरांच्या मागे लपवते. पाळीच्या आधीचा आठवडा ती धड जेवत नाही. काय खाल्लं म्हणजे दुखेल याची तिला इतकी धास्ती आहे की काहीच न खाल्लेलं बरं, असं तिने ठरवून टाकलंय. ती बारीक झाली म्हणून तू खूश होतीस ना, पथ्याचा परिणाम म्हणून? उपासमार आहे ती. तो पुडा मी दिला होता. वर्गात चक्कर येऊन पडू नये म्हणून दिला होता, आणि पुन्हाही देईन.

मी हे आधी का नाही सांगितलं? तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तिला तुझी भीती वाटते असं समजू नकोस. तुला हरलेलं बघायची तिला भीती वाटते. तू तिच्यासाठी पहाटे उठून जवस भाजतेस, कामावरून दमून आल्यावर तिच्याबरोबर फिरायला जातेस, हे तिला दिसतं. मग पाळी आली की तू आशेने तिच्या तोंडाकडे बघतेस. त्या चेहऱ्याला ती काय सांगणार? म्हणून ती सांगते की आई, या वेळी काहीच त्रास नाही झाला. आणि तू तिला मिठी मारतेस. ती म्हणाली, मावशी, त्या मिठीत पण दुखतच असतं.

गेल्या महिन्यात ती आमच्या बेकरीत शुद्ध हरपून पडली. पुडा बांधता बांधता खाली गेली. मोठ्या बाईंनी तिचे पाय वर धरले आणि मी भट्टी तशीच सोडून तिला समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला खूप प्रश्न विचारले. कधीपासून, कुठून कुठे जातं, शौचाला बसताना दुखतं का, कॉलेज किती बुडतं. खाण्यापिण्याचंही विचारलं, पण सगळ्यात शेवटी, आणि तेही चिंगी इतकी अशक्त का दिसते म्हणून. चालणं, वेळेवर जेवणं, शेक, हे सगळं चांगलं आहे, चालू ठेव म्हणाल्या. तुझ्यावर त्यांचा काडीचाही आक्षेप नाही, बरं का. पण जे दुखणं माणसाला शुद्धीवर राहू देत नाही ते ताटात शोधत बसायचं नसतं, त्याची तपासणी करायची असते, असं स्पष्ट सांगितलं. आत काहीतरी असेल, कदाचित नसेल, बघितल्याशिवाय कळणार नाही. चिंगीने त्यांना एकच विचारलं, माझं काही चुकलं का. नाही, म्हणाल्या. तेव्हा पोरगी जी रडली, ताई. मी तिला एवढं रडताना लहानपणीही पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. चिंगीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तर तीच म्हणाली की मावशीला होता, पण आईने पथ्याने बरा केला. बघ कशी. तुझं भाषण तिलाही पाठ आहे. मी तिथल्या तिथे सांगितलं की हे खरं नाही, मला आजही तसंच दुखतं, उभं आयुष्य गेलं. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं आहे, बरं झालं सांगितलंत. आता मलाही तपासायला बोलावलंय, चिंगीचं झालं की माझं. पण विचार कर. मी तिथे नसते आणि तू असतीस, तर तू त्यांना काय सांगितलं असतंस? घरात कुणालाच नाही, एक बहीण होती ती बरी झाली. अगदी मनापासून सांगितलं असतंस आणि त्या बिचाऱ्या चुकीच्या वाटेने गेल्या असत्या. म्हणून म्हणते, तुझ्या भाषणातून माझं पोट काढ. विनंती वगैरे करत नाहीये.

तू कायमच अशी नव्हतीस, हेच जास्त लागतं. आपण दोघी एका खोलीत झोपायचो तेव्हा तुला स्वतःला कधी काही दुखायचं नाही. पाळी आली काय, गेली काय, तू आपली उड्या मारत. आई म्हणायची की सगळ्या बायका सोसतात, इतकं काय त्यात. तू मात्र टॉवेलवर इस्त्री फिरवायचीस आणि तो गरम गरम टॉवेल माझ्या पोटावर दाबून धरायचीस. निवला की पुन्हा इस्त्री. एकदा तो टॉवेल जळला आणि आईचा मार तू खाल्लास, तो कुणासाठी तापवत होतीस हे तिला कळू न देता. तेव्हा तुला आहारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मला दुखतंय यावर तुझा विश्वास होता. तुझी सगळी पुस्तकं एका बाजूला ठेव, मला ती ताई जास्त कामाची होती.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. येत्या शनिवारच्या तुझ्या कार्यक्रमाच्या पत्रिका वाटून झाल्या आहेत, आमच्या दुकानाच्या काचेवरही एक लावून गेलीस. त्यात खाली लिहिलंय की तुझी लेक स्वतः मंचावर येऊन आपला अनुभव सांगणार. माझी जागा आता तिला, असंच ना? तिने मान डोलावली म्हणून तुला वाटलं ती तयार आहे. ती काल माझ्याकडे आली ती तू लिहून दिलेलं ते बोलणं घेऊन, पाठ करायला. पहिल्या वाक्यालाच अडली. ती मंचावर येणार नाही, ताई. शनिवारी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात तिची तपासणी आहे. तारीख त्यांनीच दिली, पुढची मिळेल का असं मी विचारलंही नाही. ती आता सज्ञान आहे, सही ती स्वतः करेल. तू दार लावून घेतलंस तरी मी येऊन तिला घेऊन जाईन, शेजारपाजार गोळा झाला तरी चालेल. माझ्या वेळी माझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही, हिच्या वेळी मी राहणार आहे. लोकांना काय सांगायचं ते तू बघ. हवं तर खरं सांग, त्यातल्या कितीतरी जणी घरी नळ सोडून बसत असतील. मी तिच्या शेजारी बसेन, तिचा हात धरेन, तिथल्या डॉक्टरांना सगळं नीट सांगेन. तेवढं मला येतं. पण काल निघताना तिने मला विचारलं की आई येईल का. शनिवारी तिचं नाव पुकारेपर्यंत ती दाराकडे बघत बसणार, ताई. तिथे मी कितीही सरकून बसले तरी तुझी जागा मला भरता येणार नाही.

भांडलीस तरी तुझीच,
धाकटी